कागद द्यावेत, संशय राखावा

राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना ज्या कागदांवर सह्या कराव्या लागतात, त्यात निष्ठा आणि गुप्ततेचं प्रतिज्ञापत्र असतं. ग्राहकाच्या खात्याची माहिती बाहेर सांगणार नाही, असं त्यात लिहून द्यावं लागतं. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यात, कलम १३ मध्ये हे बंधन आहे. ते पाळणं मला कधी जड गेलं नाही. लग्नकार्यात कुणी सहज विचारायचं, ‘‘अमक्यांचं खातं तुमच्याच शाखेत ना? बरेच असतील!’’ आपण हसून विषय बदलायचा. गावातल्या शाखेत वर्षानुवर्षं काम केलेल्या कुणालाही हे अंगवळणी पडलेलं असतं.

नोकरीच्या उत्तरार्धात, मुंबईच्या मुख्य कार्यालयात बदली झाल्यावर मात्र वेगळ्याच जातीची गुप्तता वाट्याला आली. ही ग्राहकापासूनच राखायची होती. शाखेतल्या सहकाऱ्यांपासून राखायची होती. आणि पुष्कळदा समोर खुर्चीत बसलेल्या, रात्रभर प्रवास करून आलेल्या पोलीस अधिकाऱ्यापासूनही राखायची होती. त्या शेवटच्या गुप्ततेबद्दल मला लिहायचं आहे. तिच्याबद्दल पोलिसांत राग आहे, बँकवाल्यांत भीती आहे आणि बाहेरच्यांना तिची कल्पनाच नाही.

काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा, म्हणजे पीएमएलए, २००२ चा. तो अमलात आला १ जुलै २००५ रोजी. त्याआधी नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीत फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट स्थापन केलं होतं. आम्ही सगळे त्याला एफआययू म्हणतो. बँकांनी दोन मुख्य गोष्टी त्यांना कळवायच्या. महिन्याभरातले दहा लाखांवरचे रोखीचे व्यवहार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि संशयास्पद व्यवहार. पहिलं काम हिशेबाचं. रक्कम ओलांडली की नोंद गेली. दुसऱ्याला रकमेची अट नाही. प्रत्यक्षात न झालेला, नुसता करू पाहिलेला व्यवहारसुद्धा त्यात येतो. सद्भावनेने काम करणाऱ्या माणसाला ज्यात गुन्ह्याच्या पैशाची रास्त शंका यावी, ज्याच्या गुंतागुंतीला काही कारण दिसू नये, ज्यात आर्थिक शहाणपण सापडू नये, असा व्यवहार. याच्या अहवालालाच एसटीआर म्हणतात. सुरुवातीला आम्ही सीडी तयार करून चाणक्यपुरीतल्या सम्राट हॉटेलच्या पत्त्यावर पाठवायचो, एफआययूचं कार्यालय तेव्हा तिथे होतं. पुढे २०१२ पासून सगळं पोर्टलवर गेलं.

बँकेच्या वतीने हे कळवणारा एकच माणूस असतो, प्रिन्सिपल ऑफिसर. मी त्यांच्या हाताखालच्या विभागात होते. संगणक रोज ढिगाने अलर्ट काढायचा, त्यातले बहुतेक चौकशीअंती निकाली निघायचे. कुणी घर विकलेलं असायचं, कुणाची भिशी फुटलेली असायची, कुणाला भूसंपादनाचा मोबदला मिळालेला असायचा. उरायचे थोडे, आणि त्यांच्यावर लिहायला बसायचं.

या लिहिण्यात माझा जीव गुंतला होता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. ‘संशयाची कारणं’ असा एक रकाना असतो. नवीन अधिकारी त्यात लिहायचे, ‘ग्राहकाचे वर्तन संशयास्पद असून व्यवहार शंकास्पद वाटतात.’ मी ते परत पाठवायचे. मग हळूहळू असं यायला लागायचं: ‘खाते विद्यार्थी म्हणून उघडले, वार्षिक उत्पन्न दीड लाख नमूद. पहिले दोन महिने व्यवहार नाही. नंतरच्या नऊ दिवसांत पाच राज्यांतून यूपीआयने रकमा जमा. प्रत्येक रक्कम अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या जिल्ह्यातील एटीएममधून काढली. शाखेने संपर्क केला असता नोंदवलेला मोबाइल बंद.’ यात एकही विशेषण नाही. दिल्लीत बसलेल्या विश्लेषकाला यातून पुढचं पाऊल टाकता येतं. आणि तो विद्यार्थी उद्या निर्दोष निघाला, कुणी त्याचं कार्ड आणि सिम पाच हजारांना घेऊन गेलेलं असलं, तर त्याच्यावर अन्याय करणारा एक शब्दही कागदावर राहत नाही.

कारण एसटीआर म्हणजे आरोप नव्हे. बँकेने त्या माणसाची बाजू ऐकलेली नसते, साक्षीदार तपासलेले नसतात. तो संशय असतो, आणि संशय योग्य माणसाच्या कानावर घालण्याची सोय कायद्याने केलेली असते. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या सगळ्या नियमांची संगती लागते.

आता पोलिसांच्या पत्राकडे येते. अशी पत्रं टपालाने, ईमेलने, हवालदाराच्या हाती, सगळ्या वाटांनी यायची. वर ठाण्याचं नाव, जावक क्रमांक, गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं. मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की’ अशी सुरुवात. पूर्वी ही पत्रं दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली असायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आलं. खाली मागण्यांची यादी: खाते उघडण्याचा अर्ज, केवायसीची कागदपत्रं, स्टेटमेंट, लिंक केलेला मोबाइल, एटीएमचं सीसीटीव्ही चित्रण, इंटरनेट बँकिंगचे आयपी पत्ते. आणि अधूनमधून यादीच्या तळाशी एक ओळ असायची, ‘सदर खात्याबाबत आपल्या बँकेने संशयास्पद व्यवहार अहवाल सादर केला असल्यास त्याची प्रत द्यावी.’

वरची सगळी यादी द्यायची आणि खालची ओळ द्यायची नाही, हा आमच्या विभागाचा पायंडा होता. न देण्यालाही एक रीत होती. ‘अहवाल दिलेला आहे पण देता येत नाही’ असं लिहिलं तर सांगून मोकळं झाल्यासारखंच. ‘अहवाल दिलेला नाही’ असं खरं असतानाही लिहायचं नाही. कारण ज्या पत्रांना ‘नाही’ म्हणून उत्तर जाईल, त्यांच्या तुलनेत गप्प राहिलेलं प्रत्येक उत्तर ‘हो’ ठरेल. म्हणून सगळ्यांना एकच वाक्य: असा अहवाल सादर झाला किंवा नाही यासंबंधी कोणतीही माहिती पीएमएलएच्या कलम १२ नुसार गोपनीय असून, आवश्यकता वाटल्यास आपल्या वरिष्ठ कार्यालयामार्फत एफआययूशी संपर्क साधावा. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीविषयक निर्देशांतही हे बंधन संचालकांपासून शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत सगळ्यांना घातलेलं आहे.

एकदा एका जिल्ह्याच्या सायबर ठाण्याचे उपनिरीक्षक स्वतः मुंबईला आले. पोरसवदा वय, पाठीला सॅक, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये फिर्यादीची प्रत. निवृत्त शिक्षकाचे सहा लाख गेले होते आणि त्यातले काही आमच्या एका शाखेतल्या खात्यातून पुढे गेले होते. मी स्टेटमेंट, अर्ज, केवायसी सगळं तयार ठेवलं होतं. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, हे तर मिळालंच असतं. तुम्ही वर कळवलं होतं की नाही, एवढं तोंडी सांगा. मी लिहून घेत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘साहेब, तोंडीसुद्धा नाही. कळवलं असलं तरी नाही आणि नसलं तरी नाही.’’

ते जरा थांबले. मग त्यांनी विचारलेला प्रश्न मला त्यानंतर पुष्कळदा आठवला आहे. ‘‘बँकेला शंका येते, ती दिल्लीला कळते, खातं मात्र चालूच राहतं. त्या खात्यातून मास्तरांचे पैसे जातात. मग तुमच्या शंकेचा उपयोग काय?’’

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे, की केवळ एसटीआर पाठवला म्हणून खात्यावरचे व्यवहार अडवायचे नाहीत. याला कारण आहे. खातं अडलं की खातेदार त्याच दिवशी काउंटरवर येतो, त्याला कळतं, आणि मागची साखळी दुसऱ्या खात्यांत सरकते. शिवाय संशयावरून खाती गोठवण्याचा अधिकार बँकेच्या हाती दिला तर रोज कुणाचे तरी पगार, औषधपाण्याचे पैसे अडतील. खातं गोठवण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेला आहे. १९९९ मध्ये महाराष्ट्र सरकार विरुद्ध तापस नियोगी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँक खातं ही दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खालची ‘मालमत्ता’च आहे असं सांगितलं. ते कलम आता नव्या संहितेत १०६ झालं आहे. आणि फसवणुकीच्या बाबतीत २०२१ पासून हेल्पलाइनची व्यवस्था आहे, तिचा नंबर आता १९३० आहे. तक्रार वेळेत आली तर बँका ती रक्कम खात्यात अडवून ठेवतात. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. एसटीआर त्या कामासाठी नाहीच. तो एकेका खात्याच्या पलीकडचं जाळं दिसावं म्हणून आहे. वेगवेगळ्या बँकांतून आलेल्या शंका दिल्लीत एकत्र होतात, तेव्हा एकच मोबाइल नंबर, एकच पत्ता, एकच आयपी दिसायला लागतो. आमच्यासारख्या एकेका बँकेला ते कधीच दिसत नाही.

मी त्यांना हे समजावलं, आणि वाटही सांगितली. पीएमएलएच्या कलम ६६ खाली एफआययूचे संचालक ही माहिती अंमलबजावणी संचालनालय, आयकर खातं, सीबीआय, राज्यांचे पोलीस यांच्यापर्यंत पोचवू शकतात. राज्य पोलिसांनी आपल्या नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत मागणी करायची असते. ती वाट लांबची आहे, पण त्या वाटेने आलेली माहिती कुणाकडे गेली, कधी गेली, कशासाठी गेली याची नोंद राहते. माझ्या टेबलावरून तोंडी गेलेल्या ‘हो’ची नोंद कुठेच राहत नाही.

त्यांना खरी गरज होती ती पुराव्याची. एसटीआर ही गुप्तवार्ता असते, ती घेऊन कोर्टात उभं राहता येत नाही. कोर्टात चालते ती खात्याची नोंद. बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट हा १८९१ चा कायदा अजूनही रोज वापरात आहे. त्याखालच्या प्रमाणित उताऱ्यावर अधिकाऱ्याने ‘ही नोंद बँकेच्या नेहमीच्या कामकाजात ठेवलेल्या पुस्तकातील असून पुस्तक बँकेच्या ताब्यात आहे’ अशा अर्थाचं लिहून, तारीख घालून, सही-शिक्का करायचा. संगणकावरची छापील प्रत असेल तर कलम २ए चं वेगळं प्रमाणपत्र जोडायचं, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, जे पूर्वी ६५बी म्हणून ओळखलं जायचं, तेही. यातला एक कागद कमी पडला तर दोन वर्षांनी उलटतपासणीत तपासी अंमलदाराची त्रेधा उडते. त्या दिवशी मी उपनिरीक्षकांसमोर बसून सगळी प्रमाणपत्रं करून घेतली आणि पुढचे पैसे ज्या चार बँकांत गेले होते, तिथल्या संबंधित विभागांचे अधिकृत पत्तेही दिले. जाताना ते एवढंच म्हणाले, ‘‘मॅडम, हे चार पत्ते मोलाचे आहेत.’’

नकार द्यायचा तर मदतीत कसूर ठेवायची नाही, हे मी तिथे शिकले. गुप्ततेच्या नावाखाली साधं स्टेटमेंटसुद्धा महिनोन्‌महिने रेंगाळत ठेवणारी कार्यालयं मी पाहिली आहेत. त्यांच्यामुळे पोलिसांना सगळीच गुप्तता आडमुठेपणाची वाटते.

गुप्ततेचं दुसरं अंग मला एका द्राक्ष बागायतदाराच्या प्रकरणात दिसलं. दोघा भावांत वाटणीचा दावा चालू होता. धाकट्याच्या वकिलांनी बँकेला नोटीस पाठवली: थोरल्याच्या खात्याबद्दल बँकेने सरकारला पाठवलेले सर्व अहवाल द्यावेत. कुठून तरी त्यांना असे अहवाल असतात हे कळलं होतं. अहवाल होता की नव्हता हे मी इथेही सांगणार नाही. पण कल्पना करून पाहा. हंगामात व्यापारी रोखीने पैसे देतो, शेतकरी ते चार हप्त्यांत भरतो, संगणक अलर्ट काढतो, एखादा अधिकारी सद्भावनेने वर कळवतो. चौकशीत काहीच निघत नाही. आणि तोच कागद भावाभावांच्या दाव्यात ‘बँकेलासुद्धा याचा संशय होता’ म्हणून वाचला जातो. गावात तेवढ्यावर माणसाची अब्रू जाते, सोसायटीच्या निवडणुकीतलं त्याचं नाव जातं, मुलीचं ठरलेलं लग्न अडतं. एसटीआरची गुप्तता जितकी तपासासाठी आहे, तितकीच या माणसासाठी आहे. बँक पक्षकार नसलेल्या दाव्यात कोर्टाच्या खास आदेशाशिवाय बँकेच्या अधिकाऱ्याला पुस्तकं हजर करायला भाग पाडता येत नाही, असं १८९१ च्या कायद्यातच आहे. माहिती अधिकारातूनही ही वाट उघडत नाही. एफआययू त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. आम्ही वकिलांना तेच ठरलेलं एक वाक्य पाठवलं.

तिसरं अंग भीतीचं आहे. एकदा एका ठाण्याच्या लेटरहेडवर पत्र आलं. भाषा बरोबर, शिक्का गोल, सही झोकदार. मागणी मात्र एकच होती, एसटीआर दिला आहे का. स्टेटमेंट नको, केवायसी नको. खरा तपासी अंमलदार आधी स्टेटमेंट मागतो. आमच्याकडे नियम होता, की पत्रावरच्या नंबरवर फोन करायचा नाही. ठाण्याचा लँडलाइन आपण स्वतः शोधायचा आणि ठाणे अंमलदाराकडून गुन्हा नंबर पडताळून घ्यायचा. तिथून कळलं, की त्या नंबरचा गुन्हा घरफोडीचा आहे आणि त्या नावाचे अधिकारी तिथे नाहीत. कुणाला तरी आपल्यावर नजर आहे का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

आणि त्याहून पुढे जाणून घ्यायचं असतं ते, कुणी कळवलं. तालुक्याच्या शाखेत ही शंका पहिल्यांदा येते ती काउंटरवरच्या एखाद्या कर्मचारी बाईला. तिचं घर त्याच गावात, मुलं त्याच शाळेत, आणि ज्याच्याबद्दल शंका आली तो गावातला बडा माणूस. दुसऱ्या दिवशी तो आला की तिने नेहमीच्याच आवाजात ‘‘या, बसा’’ म्हणायचं. पीएमएलएच्या कलम १४ ने सद्भावनेने माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला दिवाणी-फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलं आहे. पण रात्री घराच्या वाटेवर कलम बरोबर येत नाही. तिथे तिला राखते ती फक्त गुप्तता. म्हणून आमच्याकडे अहवालाची फाइल ग्राहकाच्या फाइलपासून वेगळी, कुलपात असायची, आणि शाखेच्या स्क्रीनवर त्याची खूणही उमटायची नाही.

न्यायालयाने अहवाल सादर करण्याचा आदेशच दिला तर? तेव्हा विधी विभाग पुढे व्हायचा, एफआययूला कळवलं जायचं, आणि जे सादर करायचं ते बंद लिफाफ्यात न्यायाधीशांपुढे. आदेश न्यायालयाचा असेल तर बँकेने आपलं म्हणणं मांडावं आणि निर्णय मानावा. त्याखालच्या कुठल्याही पायरीवर, कितीही वरिष्ठ फोन आला तरी, वाट एफआययूचीच.

अमेरिकेत रचना थोडी वेगळी आहे. तिथे तपास यंत्रणांनी मागितल्यास अहवालाच्या पुष्टीची कागदपत्रं बँकेला समन्सशिवाय द्यावी लागतात. मागणारा खरोखर त्या यंत्रणेचा आहे, एवढी खात्री करून घ्यायची असते. मात्र खासगी दाव्यातल्या वकिलाला अहवाल आहे की नाही, हेही सांगायला मनाई आहे. त्याच देशात फुटलेल्या अशा २,१०० हून अधिक अहवालांवरच्या बातम्या सप्टेंबर २०२० मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आल्या. त्यातून दिसलं, की मोठमोठ्या बँकांनी संशय कळवला आणि त्याच ग्राहकांची उलाढाल पुढेही सांभाळली. त्या बातम्या वाचताना मला खरोखर वाईट वाटलं. गुप्ततेच्या आड बँकेची निष्क्रियता लपू शकते, हे मान्यच करायला हवं. अहवाल पाठवला की जबाबदारी संपत नाही. खात्याची जोखीम वाढवायची, नव्याने कागद मागायचे, पैशाचा उगम विचारायचा, आणि वारंवार तेच दिसलं तर नियमाप्रमाणे नोटीस देऊन संबंध संपवायचा. हे सगळं एसटीआरचा उच्चारही न करता करता येतं.

या खुर्चीवर आता बसलेल्या तरुण अधिकाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. पोलिसांचं पत्र आलं की पडताळणी त्याच दिवशी करा. जे देता येतं ते प्रमाणपत्रांसह, एकदाच आणि पूर्ण द्या. जे देता येत नाही त्याबद्दल ठरलेलं एकच वाक्य लिहा आणि त्याच पत्रात एफआययूची वाट दाखवा. आणि पोलीस प्रशिक्षण केंद्रांनी नव्या उपनिरीक्षकांना या वाटेचा एक तास तरी शिकवावा, असं मला मनापासून वाटतं. तो उपनिरीक्षक रात्रभर प्रवास करून जे मागायला आला होता, ते त्याच्या जिल्ह्यातून योग्य टेबलाकडे पाठवलेल्या एका पत्राने मागता आलं असतं. ते त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि फिर्यादी शिक्षकाच्या प्रकरणाच्या तपासातले मोलाचे दिवस त्यात गेले.